‘म्हणजे डॉक्टरांचा कंपाउंडर?’

मावशी, मी ३१ वर्षांचा. आईबाबा मिरजेचे, मी नऊ वर्षांचा असताना आम्ही इंग्लंडला आलो. पॅरामेडिकची पदवी घेतली आणि गेली सात वर्षं मिडलंड्समध्ये अँब्युलन्सवर आहे. काम आवडतं, पण रात्रपाळ्या आता झेपत नाहीत. हल्ली अर्धी पाळी तर पेशंटला आत घेतील याची वाट बघत हॉस्पिटलच्या दारात गाडीतच जाते. बायकोला सहावा महिना आहे. जवळच्या एका जीपी सर्जरीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याने, नोकरी देऊ केलीय, सोमवार ते शुक्रवार, पगाराची श्रेणी बँड सात. दोन दिवस तिथे बसून बघितलं. पहिल्याच दिवशी एका गुजराती आजींना मी नीट तपासलं, सगळं समजावलं, तर त्या म्हणाल्या, ‘ठीक आहे, आता डॉक्टर कधी येणार?’ आई म्हणते, ‘अँब्युलन्समध्ये निदान जीव तरी वाचवतोस. तिथे काय, डॉक्टरांचा कंपाउंडर होणार?’ मित्र म्हणतात, हात गंजतील. आणि खरं सांगू? मला हार्ट अटॅकची भीती वाटत नाही, तीन आठवड्यांच्या खोकल्याची वाटते. जाऊ का?
– निळा दिवा

निळ्या दिव्या,

आधी कंपाउंडरचं बघू. ते तुला फार लागलंय, पत्रात लपलेलं नाही.

तुझ्या आईवर मी काही रागावणार नाही. मिरजेत वाढलेली बाई ती. कोकणातून, कर्नाटकातून माणसं उपचारासाठी जिथे येतात ते हे गाव. तिच्या लहानपणीच्या दवाखान्यात दोनच माणसं, आत डॉक्टर आणि बाहेर कंपाउंडर. हा बाहेरचा माणूस लाल औषध बाटलीत ओतायचा, कागदाच्या पट्टीला डोसाच्या खाचा कातरून ती बाटलीला चिकटवायचा, आणि डॉक्टर गावाला गेले की गल्लीतल्या निम्म्या लोकांना इंजेक्शनं टोचायचा. तिच्या डोळ्यांपुढे तोच उभा आहे. त्यात तुझ्या हुद्द्याला आपल्याकडे धड शब्द नाही. ‘पॅरामेडिकल’ म्हटलं की लोकांना लॅबवाला, एक्स-रेवाला, डायलिसिसवाला आठवतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची जी अँब्युलन्स धावते तिच्यात डॉक्टर असतो. मग ज्या गाडीत डॉक्टर नाही तिच्यातला माणूस कोण, हे आईला कुणी कधी सांगितलंय? सात वर्षं तिने गाडीवरचा दिवा बघितला. आत तू काय करतोस ते तिला माहीतच नाही.

तर सांग. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ हे नाव कायद्याने राखलेलं आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नसताना कुणी स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेतलं तर तो गुन्हा ठरतो. ती नोंदवही कुणालाही ऑनलाइन बघता येते. आईच्याच फोनवर तुझं नाव काढून दाखव, फार बोलावं लागणार नाही. सप्टेंबर २०२१ पासून या नोंदणीसाठी नवे अभ्यासक्रम ऑनर्स पदवीच्या पातळीचे लागतात, हेही सांग. आणि त्याच दमात सांगून टाक, की तू डॉक्टर नाहीस. नाहीतर गणपतीत मंडळात तीच माऊली तुझी बढती करून मोकळी होईल. (आणि मिरजेला फोन करताना ‘सर्जरी’ हा शब्द टाळा. मला सर्जरीत नोकरी लागली तेव्हा माझ्या चुलतबहिणीने घाबरून विचारलं होतं, कसलं ऑपरेशन गं?)

आता कामाकडे येते. मी चोवीस वर्षं प्रॅक्टिस नर्स होते. लागले तेव्हा सर्जरीत डॉक्टर, नर्स आणि रिसेप्शनवरच्या बायका, एवढाच संसार. निघाले तेव्हा फार्मासिस्ट होता, फिजिओ होती, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना बागकामाच्या गटात नेऊन बसवणारी एक मुलगी होती, आणि पॅरामेडिक होता. हे कुणाच्या दूरदृष्टीने झालं असं समजू नकोस. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या शेजारशेजारच्या सर्जऱ्यांचे गट बांधले, साधारण ३० ते ५० हजार लोकांमागे एक, आणि त्या गटांना अशी माणसं नेमायला सरकारी पैसा मिळू लागला. एप्रिल २०२१ मध्ये त्या यादीत पॅरामेडिक आले. गंमत अशी, की डॉक्टर नेमायला हाच पैसा २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत चालत नव्हता. त्यामुळे काही सर्जऱ्यांनी पॅरामेडिक हवा म्हणून नेमला, आणि काहींनी डॉक्टर परवडत नाही म्हणून. तुला बोलावणारी सर्जरी यातली कुठली, हे तुला शोधून काढायचंय. ते कसं, ते पुढे सांगते.

अँब्युलन्सवर तुझ्यापुढे शेवटी एकच प्रश्न असतो, न्यायचं की घरी ठेवायचं. नेलं की पेशंट दुसऱ्याच्या हाती, मग दारात कितीही तास गेले तरी. पुढे त्याचं काय झालं ते तुला बहुतेकदा कळतही नाही. सर्जरीत माणूस परत येतो. मंगळवारी ‘दोन दिवसांत उतरेल’ म्हणून घरी पाठवलेलं कान दुखणारं पोर शुक्रवारी पुन्हा तुझ्याच खुर्चीसमोर, आणि त्याची आई हाताची घडी घालून उभी. स्वतःचं चुकलेलं असं समोर येऊन बसणं अँब्युलन्सवाल्यांना पहिलं वर्षभर जड जातं. हार्ट अटॅक समोर आला तर तुझे हात आपोआप चालतात. खोकला समोर आला की हातांना काम नसतं.

आमच्याकडच्या पहिल्या पॅरामेडिकची गोष्ट सांगते. हुशार पोरगा. ६८ वर्षांचे एक गृहस्थ त्याच्याकडे ‘थकवा’ म्हणून आले. नाडी, श्वास, ऑक्सिजन, ब्लड प्रेशर, ताप, सगळं व्यवस्थित. या आकड्यांवरून तुम्ही लोक धोका मोजणारा तो न्यूज स्कोअर काढता ना, तो शून्य. त्याने त्यांना धीर दिला, पाणी जास्त प्यायला सांगितलं आणि घरी पाठवलं. दुपारी डॉक्टरांबरोबर दिवसभराच्या पेशंटांची उजळणी व्हायची. हा तिथून उठता उठता सहज बोलून गेला, ‘एक गंमत बघितली, त्यांच्या पट्ट्याला सुरीने पाडलेली दोन नवी भोकं होती.’ डॉक्टरबाईंनी त्याला परत बसवलं. त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन गेला, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, आणि आठवड्याभरात कळलं की आतड्याचा कॅन्सर आहे. वेळेत कळलं.

त्या पोराने बघितलं नव्हतं असं नाही. उलट डॉक्टरबाईंनी बघितलं असतं त्यापेक्षा त्यानेच जास्त बारकाईने बघितलं होतं. घराघरांत जाऊन तुमची नजर तशी होतेच. पण दिसलेल्या गोष्टीचं पुढे काय करायचं, ते अँब्युलन्सवर कुणी शिकवत नाही. तिथे आकडे बरे असले की माणूस बरा, निदान आजच्या रात्रीपुरता. सर्जरीत आकडे बरे असलेलीच माणसं जास्त येतात.

म्हणून तुझ्या त्या खोकल्याचं घेऊ. तीन आठवडे झाले. बहुधा विषाणूचाच असतो आणि आपोआप जातो. पण तू चाळिशीच्या पुढच्या माणसाला विचारशील, थकवा आहे का, वजन उतरलंय का, भूक लागते का, दम लागतो का, छातीत दुखतं का, कधी सिगारेट ओढली होती का. खोकला धरून कारण न कळणारी यांतली दोन लक्षणं असतील, किंवा आयुष्यात कधीही सिगारेट ओढलेल्या माणसाला एकच असेल, तर इथल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन आठवड्यांत छातीचा एक्स-रे. आपल्या माणसांना आणखी एक विचार, जे विचारायला गोऱ्या डॉक्टरांना कधीकधी उशिरा सुचतं: गावी जाऊन आलात का, रात्री घामाने उशी भिजते का, घरात कुणाला टीबी झाला होता का? हे तुला आईच्या घरातच शिकायला मिळालंय. पदवीत मिळालं नसेल.

आणि एवढं करूनही बहुतेक वेळा तुला निश्चित काही कळणार नाही. मग पेशंटला सांगायचं, की मला आज असं वाटतंय, अमुक झालं तर त्याच दिवशी फोन करा, आणि अमुक तारखेपर्यंत गेलं नाही तर मला पुन्हा भेटा. ते नोंदीत लिहायचं. तेच गाऱ्हाणं घेऊन माणूस तिसऱ्यांदा आला आणि निदान झालेलं नसेल, तर जुनं मत बाजूला ठेवून पहिल्यापासून विचार करायचा. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या जीपींसाठी ‘जेसचा नियम’ म्हणून हेच सांगितलं गेलं. कॅन्सरचं निदान फार उशिरा झालेल्या एका तरुण मुलीच्या नावाने. नियम जीपींचा असला तरी तू तो पाळायचास, आणि तुझ्यासाठी त्यात एक पायरी जास्त आहे: तिसऱ्यांदा आलेला पेशंट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

ज्यात तू पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्याही पुढे असशील ते काम म्हणजे घरी जाऊन बघणं. सर्जरीतले डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत धावतपळत दोन घरं करतात. तुला अनोळखी घरात शिरून अर्ध्या मिनिटात वाचायची सवय आहे. फ्रीजमध्ये काय आहे, जिना कुणी चढतं का, गोळ्यांची पाकिटं फोडलीत की तशीच रचून ठेवलीत, सतरंजीची कड कुठे उचललीय. पडलेल्या आजोबांचं ब्लड प्रेशर आडवं आणि उभं असं दोन्ही मोजून, त्यांना गरगरायला लावणारी गोळी कुठली ते फार्मासिस्टला विचारणं, हे चित्तथरारक नाही. पण तुझ्यासारखाच कुणी रात्री तीन वाजता निळा दिवा लावून त्यांच्याकडे गेला असता, ती फेरी वाचते. आई म्हणते ना, तिथे जीव वाचवतोस. इथेही वाचतो, फक्त कुणाला दिसत नाही.

काय करता येणार नाही तेही ऐक. औषधाच्या चिठ्ठीवर तुझी सही लगेच चालणार नाही. पॅरामेडिकांना स्वतंत्रपणे औषध लिहिण्याची मुभा एप्रिल २०१८ पासून आहे, पण ती पुढच्या टप्प्यावरच्या, वेगळा अभ्यासक्रम करून नोंदवहीत तशी खूण करून घेतलेल्यांना. तोवर बहुतेक चिठ्ठ्या सहीसाठी डॉक्टरांच्या दारात नेशील, आणि ते दार बंद असेल तेव्हा बाहेर उभा राहशील. आजारपणाच्या दाखल्यांचं तसंच. जुलै २०२२ मध्ये डॉक्टरांखेरीज नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना ते द्यायची परवानगी मिळाली. तुम्ही त्या यादीत नव्हता. का, ते मला विचारू नकोस, माझ्याही डोक्यात शिरलेलं नाही.

तर जायचं का? माझं उत्तर हो आहे, पण दोन अटी घालते.

पहिली अट कागदाची. करारात, तोंडी नाही, असं लिहिलेलं हवं की रोज ठराविक वेळ एक ठराविक डॉक्टर तुझ्यासाठी मोकळे असतील, आणि त्या वेळात त्यांच्या नावावर पेशंट लावले जाणार नाहीत. ‘आमचं दार नेहमी उघडं असतं’ हे वाक्य ऐकलंस तर सावध हो. उघड्या दाराआड दहा-दहा मिनिटांचे पेशंट ओळीने बसलेले असतात, आणि तू दोनदा डोकावून तिसऱ्यांदा डोकावणं सोडून देतोस. पट्ट्याची ती गोष्ट उजळणीची वेळ राखलेली होती म्हणून बाहेर आली. सुरुवातीचे काही महिने प्रत्येक पेशंटला वीस मिनिटं मिळतील का, तान्ही मुलं आणि गरोदर बायका सुरुवातीला तुझ्याकडे लावणार नाहीत ना, पुढच्या शिक्षणाचे दिवस पगारी आहेत का, हे विचार. उत्तर देताना मॅनेजर डॉक्टरांच्या तोंडाकडे बघू लागला, की ओळखायचं, यांना तू नको आहेस, कॅलेंडरातली रिकामी जागा भरायचीय. नाही म्हण. दुसऱ्या सर्जऱ्या आहेत.

त्याच कागदात पैशाचंही बघ. बँड सात म्हणजे बढती वाटते, पण रात्रीचे आणि शनिवार-रविवारचे जादा पैसे थांबले की हातात येणारी रक्कम जवळपास तिथेच राहू शकते. सर्जरी ही खासगी भागीदारी असते, तिला एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पगार-रजेच्या अटी पाळण्याची सक्ती नाही. ‘बँड सात’ जाहिरातीत लिहिलं, म्हणून आजारपणाची रजा एनएचएससारखी मिळेलच असं नाही. पेन्शन मात्र एनएचएसचंच चालू ठेवता येतं. एप्रिल २०१९ पासून इंग्लंडमधल्या सर्जरीतल्या एनएचएस कामात चूक झाली तर भरपाईचा भार सरकारी योजना उचलते, अगदी तुझ्या चुकीचासुद्धा. पण कौन्सिलपुढे तुझी स्वतःची चौकशी लागली तर वकील ती योजना देत नाही. त्यासाठी युनियन किंवा संरक्षण देणारी संस्था हवी. वर्गणी भरायला विसरू नकोस.

दुसरी अट बाळाची. तू ‘बायकोला सहावा महिना’ एवढं लिहून पुढे गेलास, मी तिथेच अडकले. बाळंतपणाच्या वेळी बापाला मिळणारा कायदेशीर रजेचा पगार हवा असेल, तर बाळ जन्मेपर्यंत तू त्याच मालकाकडे नोकरीत असावं लागतं. आज उत्साहात राजीनामा दिलास तर सात वर्षांच्या नोकरीवर मिळणारी ती पगारी रजा जाईल, आणि नव्या जागी पहिल्याच महिन्यात पगारी रजेसाठी हात जोडावे लागतील. सर्जरीला सांग, रुजू व्हायची तारीख बाळाच्या जन्मानंतरची, रजा संपल्यावरची द्या. माणूस म्हणून तू हवा असशील तर ते थांबतील. पहिल्या अटीचं खरं उत्तरही तुला यातच मिळेल.

हात गंजण्याचं म्हणशील तर, हो, थोडे गंजतील. श्वासनलिकेत नळी घालणारे हात कानात डोकावून डोकावून वेगळे होतात. काही अँब्युलन्स सेवा आपल्या पॅरामेडिकांना काही महिने गाडीवर, काही महिने सर्जरीत असं फिरवतात. तुमच्याकडे तशी सोय आहे का, हे राजीनाम्याआधी वरिष्ठांना विचारून बघ. असेल तर माझ्या मते तीच सगळ्यात चांगली, मालकही बदलत नाही. नसेल तर महिन्यातून एखादी पाळी बँकवर, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या माणसांच्या यादीतून, करता येईल, पण बाळ लहान असेपर्यंत तीही नको. मित्रांना म्हणावं, या वर्षी लंगोट बदलण्यात हात चालू राहतील.

राहिल्या त्या गुजराती आजी. त्यांचं काही चुकलं नाही. रिसेप्शनवर त्यांना कुणी सांगितलंच नसेल की तुम्हाला पॅरामेडिक बघणार आहे. त्या डॉक्टर भेटणार म्हणून शाल घेऊन, चष्मा पुसून आल्या होत्या. अमुकच डॉक्टर हवा असं सांगायचा हक्क एनएचएसमध्ये पेशंटला आहे, आणि सर्जरीने तसा प्रयत्न करायचा असतो. तेव्हा दुखावून घेऊ नकोस. पेशंट बसला की आधी नाव आणि काम सांग, स्टेथोस्कोप नंतर. ‘मी अमुक, या सर्जरीतला पॅरामेडिक. मी डॉक्टर नाही. मी तुम्हाला तपासतो, आणि गरज वाटली तर आज दुपारीच डॉक्टरांशी बोलून तुम्हाला फोन करतो.’ यातलं ‘मी डॉक्टर नाही’ गिळू नकोस. ते ऐकल्यावर चारपैकी एखाद्या आजी उठून जातील, जाऊ देत. उरलेल्यांना तू दुपारी खरंच फोन केलास, की पुढच्या वेळी त्या रिसेप्शनवर ‘त्या फोनवाल्या मुलाकडेच द्या’ म्हणतील. इंग्रजी येत नसेल तर सर्जरीने दुभाषा फुकट द्यायचा असतो, तो मागव. आजींच्या बारा वर्षांच्या नातवाला मध्ये उभं करून ‘लघवीला जळजळ होते का’ विचारू नये. माझ्या डोळ्यांसमोर हे झालंय आणि त्या नातवाचा चेहरा मी विसरलेले नाही.

एक राहिलंच. तू सर्जरीत लागलास हे कळलं की आईच्या मैत्रिणी रविवारी बाही वर करून तुझ्या सोफ्यावर बसतील. घरच्यांना आणि ओळखीच्यांना तपासायचं नसतं, हे आईला सुरुवातीलाच सांग. आणि चाळिशीच्या पुढच्या माणसांचं ब्लड प्रेशर इंग्लंडमधल्या बऱ्याच फार्मसींत फुकट मोजून मिळतं. जवळच्या फार्मसीचा पत्ता चिठ्ठीवर लिहून फ्रीजला लावून ठेव.

– मावशी